बारा गोण्या कांड्या

मी, चिंधा वना बोरसे, वय ७२, राहणार शिंदखेडा, जिल्हा धुळे, आज आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरून, पोटभर पुरणपोळी खाऊन, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायको सकाळपासून "सणासुदीला हे अभद्र नको" म्हणते आहे, पण त्याला मी दबाव धरत नाही.

१. राहते घर पत्नी द्रौपदाबाई हिला. ती असेतो घराला कोणी हात लावायचा नाही.

२. ब्रिकेटची प्रेस, कुट्टीचे मशीन आणि शेड. ही कोणाला, ते कलम ५ मध्ये. कपाशी निघाली की लोक तिची उरलेली झाडे, पऱ्हाट्या, शेतातच पेटवून देत, गाव धुराने खोकत असे. त्याच पऱ्हाट्यांचा भुसा दाबून मी जळणाच्या कांड्या केल्या. आज धुळ्याच्या दीपचंदशेठच्या तेलगिरणीचा बॉयलर दगडी कोळशाशिवाय चालतो. हे मी केले, आणि लिहायला मला लाज वाटत नाही.

३. चूकही लिहितो. पहिल्याच वर्षी कामावरच्या मंदाबाईने पऱ्हाटी कानाजवळ मोडून सांगितले होते, "भाऊ, आवाज येत नही, ओली शे." मी ऐकले नाही. कांड्यांचा भुगा झाला, बॉयलर गार पडला, शेठने दोन ट्रक परत धाडले. भर बाजारात माझा शाळूसोबती झुलाल, लाकडाच्या वखारीचा मालक, ओरडला, "चिंध्या, तुन्या कांड्यासवर मढं बी जळाव नही!" बठ्ठा बाजार हसला. सोळा वर्षे झाली, अजून झोंबते. म्हणून माल घ्यायचा की परत धाडायचा, हे यापुढेही मंदाबाईच ठरवील. मालक कोणीही असो, त्याने मध्ये बोलू नये.

४. माझी चिता लाकडाची रचू नये, माझ्याच कांड्यांची रचावी. माळ्यावर बारा गोण्या बाजूला ठेवल्या आहेत, मंदाबाईने निवडलेल्या. मुलगा अभिमन याने मागच्या वर्षी माल कमी पडला म्हणून अशाच गोण्या विकून टाकल्या. यंदा हात लावशील तर याद राख! द्रौपदाबाईच्या समाधानासाठी आंब्याचे लाकूड चालेल. एकच.

५. अभिमन म्हणतो, "आबा, लोक म्हणतील, बापाला कचऱ्यावर जाळलं." त्याला प्रेस भंगारात घालून मोबाइलचे दुकान टाकायचे आहे. अरे बाळा, त्या कचऱ्यावरच तुझे शिक्षण झाले. तू कांड्यांवर मला अग्नी दिलास तर प्रेस, मशीन आणि शेड तुझी. लाजलास, तर सगळे मंदाबाईचे. तू लाजणार नाहीस, एवढा मी तुला ओळखतो.

६. झुलालला काही देत नाही. साक्षीदाराला देता येत नाही, असे वकील सांगतात, आणि साक्षीदार मला तोच हवा. त्याने चितेसमोर शेवटपर्यंत उभे राहावे. गुडघे दुखतात म्हणून लवकर घरी पळू नये.

ठिकाण: शिंदखेडा. आखाजी, ३० एप्रिल २०२५.

सही: चिंधा वना बोरसे

साक्षीदार:
१. दीपचंद हस्तीमल छाजेड, धुळे
२. झुलाल शामराव पवार, शिंदखेडा

(झुलालच्या हातचे) सुक्या बाभळीची गाडी भरून स्मशानाबाहेर उभी ठेवीन. पैसे घेणार नाही. चिंध्याला अर्धवट ठेवून मी घरी जाणार नाही.

(माझ्या हातचे) ठेव गाडी. भरलेलीच परत नेशील.