पेनड्राइव्हचं कुलूप

मंगळवार संध्याकाळ, न्यू टाउन

जुना लॅपटॉप मी पेनड्राइव्हवरच्या लिनक्स सिस्टिमवर चालवतो आणि माझं खाजगी लिखाणही त्याच पेनड्राइव्हवर असतं. सुरू होतानाच पासवर्ड मागेल, अशी सोय रविवारी केली होती. बँकेत दिवसभर लोकांना पासवर्ड जपायला सांगतो मी. आणि घरी दाराला कुलूप, खिडकी सताड उघडी. आज मुलीने, मुक्ताने, तो पेनड्राइव्ह स्वतःच्या लॅपटॉपला लावला, तर पासवर्ड कुणी विचारलाच नाही. माझा पासवर्ड फक्त लिनक्स सुरू करण्यापुरता होता; फायली सरळ उघडल्या.

चहाच्या वेळी म्हणाली, "बाबा, त्यात माझं नाव सारखं का येतं?"

बदलीचा अर्ज केलाय, ते सगळं त्यात आहे. मुक्ताला अजून सांगितलेलं नाही.

तिने वाचलं नव्हतं. इथल्या शाळेत तिला बंगाली आहे, मराठी नाही. देवनागरी अक्षरं जुळवत वाचायचा तिला कंटाळा. स्वतःचं नाव तेवढं पटकन ओळखते.

मग अख्खा पेनड्राइव्हच एन्क्रिप्ट करायला, म्हणजे फायलींनाच कुलूप घालायला बसलो. नवा पासवर्ड टाकायची चौकट समोर आली आणि हात थांबला. पोरीला मराठी वाचायला शिकवायचं राहून गेलं म्हणतो, ते खरंच राहून गेलं? की सोयीचं होतं?

चौकट बंद केली. तिला शेजारी बसवून पेनड्राइव्हवरचं शेवटचं पान उघडलं, म्हटलं, वाच.

बोट ठेवून वाचू लागली. "ब... द... ली." अक्षरं जुळवावी लागली, पण हा शब्द ऐकून ऐकून तिला लहानपणापासून पाठ आहे.

स्क्रीनवरून नजर न काढता तिने विचारलं, "कुठे?"