पेटीतली विनंती

प्रिय वर्लीन, आणि प्रार्थनेच्या नावाखाली जिचं दुःख चारचौघांत उघडं पाडलं गेलं अशा प्रत्येकीस,

रविवारी बंद, दारूला थारा नाही, दार उघडण्याआधी आम्ही सगळ्या कामवाल्यांनी रिंगण करून, हात धरून प्रार्थना. माझं टेनेसीतलं हॉटेल प्रभूच्या वाटेने चालतं, असं मी चर्चमध्ये गर्जून सांगत आलो. गल्ल्याजवळच्या पेटीतल्या प्रार्थनेच्या निनावी विनंत्या सकाळी सगळ्यांसमोर मीच मोठ्याने वाचायचो. त्या दिवशी निघालं, “नवरा मारतो. प्रार्थना करा.” गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी तू ज्या अक्षरात लिहायचीस, तेच अक्षर. मला चेव चढला. “अगं वर्लीन, देवासमोर कसली लाज? ये पुढे!”

तू हात सोडवून घेतलास. आमचा आचारी रेफर्ड, तुझा सख्खा दीर, रिंगणातच होता. तो हसला. “ऑर्विलकाका, आवरा आता, पाव करपतायत.” संध्याकाळी त्याने भावाला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुजलेल्या ओठांनी तू एप्रन परत द्यायला आलीस. “काका, मी देवाला लिहिलं होतं. तुम्ही मध्ये कशाला बोललात?” तासभर प्रवचन झोडणारा मी नुसती एप्रनची घडी घालत राहिलो. नवऱ्याला न सांगता तू गाव सोडलंस.

पेटी मी फोडून टाकली, पण त्याने काय भरून येणार? तुझा पत्ता मी शोधणार नाही. मला सापडला तर तुझ्या नवऱ्यालाही सापडेल. म्हणून हे पत्र खणातच राहील. तरी सांगतो, येशूचं नाव घेऊन कुणी तुझं दार वाजवलं, अगदी मी असलो तरी, उघडू नकोस.

तुझा अपराधी,
ऑर्विल टिपेट