वेदना न होणाऱ्या मुलीस प्रमाणपत्र मिळणेबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
दिव्यांग प्रमाणपत्र कक्ष, दुसरा मजला.

विषय : मुलीला काहीच दुखत नाही या कारणाने नाकारलेले प्रमाणपत्र देणेबाबत.
संदर्भ : माझे तीन अर्ज व आपले एक उत्तर.

महोदया,

१. मी व्यवसायाने वायरमन. माझी मुलगी, वय वर्षे आठ, हिला जन्मापासून वेदना कळत नाही, घामही येत नाही. प्रमाणपत्र असेल तरच शाळा मदतनीस बाई देते. बाईंचे काम एवढेच, की दर तासाला तिचे हातपाय तपासायचे.

२. आपल्या मंडळाने तिला सुई टोचली, ती हसली. 'वेदना' या रकान्यात शून्य लिहून आपण तिला ठणठणीत ठरवले. खिडकीवरचे बाबू मला म्हणाले, की अहो, नशीबवान आहात, आमची पोरं नुसतं खरचटलं तरी घर डोक्यावर घेतात. महोदया, आमचे घर आठ वर्षांत कोणी डोक्यावर घेतले नाही. त्यासाठी आम्ही नवराबायको तरसतो.

३. डॉक्टरीणबाईंनी मला दोष समजावला तो असा. वेदना नेणारी मज्जापेशी आपणहून जगत नाही. तिला वाढ-घटक नावाचे प्रथिन लागते. ते पकडणारा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, पेशीच्या पडद्यात आरपार बसलेला असतो, भिंतीतून ओवलेल्या वायरीसारखा, एक टोक बाहेर, एक आत. बाहेर घटक लागला, की दोन ग्राहक जोडीने जवळ येतात, आतली टोके एकमेकांना फॉस्फेट चिकटवून जागी होतात, आणि जगत राहा हा निरोप लांब धाग्यातून पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो. माझ्या मुलीचे बाहेरचे टोक शाबूत आहे, आतले जागेच होत नाही. निरोपाविना त्या पेशी आईच्या पोटातच मेल्या. उभा जन्म लोकांच्या घरचे फॉल्ट काढले, इथे मात्र हात टेकले. यावर औषध नाही आणि मी ते मागतही नाही.

४. गेल्या महिन्यात तिच्या बुटात खिळा वर आला. ती तीन दिवस त्यावर चालली, खेळाच्या तासाला धावलीसुद्धा. मोजा भिजलेला तिच्या आईने पाहिला, तोवर जखम हाडापर्यंत चिघळत गेली होती.

५. सोमवारी तिचा डावा पाय घोट्यातून काढणार आहेत. त्यानंतर ती नियमात बसेल, नवा अर्ज करा, असे बाबूंनी कळवले. त्या पाय गेल्याच्या प्रमाणपत्रावर कुबड्या मिळतात, बाई मिळत नाही, हेही त्यांनीच सांगितले. तरी याच अर्जावर सही व्हावी. डावा पाय त्याने वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. सही उजव्या पायासाठी हवी आहे.

आपल्या दाराशी थांबलेला,
मुलीचा बाप
गुरुवार

सोबत : जनुक तपासणीचा अहवाल, डाव्या पायाचा एक्स-रे.