नणंद, चढवणी आणि संडासाच्या टाक्या

मी, श्रीमती अन्नपूर्णा हरिदास थूल, वय बहात्तर, निवृत्त परिचारिका, राहणार मौजा सिंदी (रेल्वे), तहसील सेलू, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देणारा डॉक्टर माझ्याच हातावर जन्मलेला असल्यामुळे त्याने फार प्रश्न विचारले नाहीत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती या जगात आहे, ती म्हणजे माझी नणंद धुरपता, आणि ती माझ्याशी बोलत नाही. तिचा विषय कलम पाचमध्ये येईल. खरे सांगायचे तर हा सगळा खटाटोप त्या एका कलमासाठी आहे. बाकीची कलमे वकिलांच्या समाधानासाठी घातली आहेत.

पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. नोकरीत असताना मी शेकडो लोकांना "काही होत नाही" असे सांगून ऑपरेशनला पाठवले. आता सगळे मला तेच सांगतात. म्हणून घाईने वकील बोलावला.

कलम १. सिंदी येथील राहते घर, खालचा मजला, वरचा मजला व अंगणासह, माझा मुलगा धम्मदीप व मुलगी पौर्णिमा यांना समसमान मिळावे. धम्मदीप जर्मनीत इंजिनीयर आहे आणि घराकडे व्हिडिओ कॉलवरून लक्ष देतो. पौर्णिमा सावंगीला (मेघे) राहते आणि दर रविवारी येऊन माझी गोळ्यांची डबी तपासते, जणू मीच पेशंट आहे. वरच्या मोठ्या खोलीत मात्र भिंत घालू नये, भाडेकरू ठेवू नये, आणि लग्नाची भांडी तर अजिबात ठेवू नयेत.

कलम २. बँकेतील ठेवी दोघांत सारख्या वाटाव्यात. यावरून भांडायचे झाल्यास माझ्या फोटोसमोर भांडू नये. मला ऐकू येणार नाही आणि तुमचा घसा बसेल.

कलम ३. माझी सोन्याची पोत व मनगटी घड्याळ पौर्णिमाला. घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे. ते तसेच ठेवावे, कारण या घरात मी सोडून कोणीही वेळेवर निघत नाही.

कलम ४. शेजारी बापूराव यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. आमच्या वरच्या खोलीत डोकावून ते चारचौघांत म्हणाले होते, "या वयात बाया पोथ्या वाचतात, अन् ह्या दोघी आगगाडी खेळून राह्यल्या!" मी त्यांना माफ केलेले नाही याची नोंद घ्यावी. मेल्यावरही करणार नाही.

कलम ५. वरच्या खोलीतील आगगाडी.

हिची हकीकत सांगितल्याशिवाय कोणाला काही कळणार नाही, म्हणून वकिलांनी तोंड वाकडे केले तरी मी ती लिहीत आहे.

माझे पती हरिदास निवृत्त झाले तेव्हा धम्मदीपने जर्मनीहून छोट्या विजेच्या आगगाडीचा डबा पाठवला. यांनी महिनाभर त्याला हात लावला नाही आणि मग पुढची वर्षे दुसऱ्या कशालाच लावला नाही. पलंग गेला, कपाट गेले, खोलीभर फळ्या ठोकल्या गेल्या आणि त्यावर प्लॅस्टरची सिंदी उभी राहिली. स्टेशन, कापसाच्या गाड्या, जिनिंग कारखान्याची चिमणी. पलीकडे केळझरची टेकडी, वर देऊळ, पायथ्याशी विहार. टेकडीखालून यांनी बोगदा काढला. खऱ्या टेकडीखाली असा बोगदा नाही, पण देवळाकडून वा विहाराकडून अद्याप हरकत आलेली नाही.

हे गेल्यावर मला ते सगळे मोडून टाकायचे होते. धुरपताने मोडू दिले नाही. धुरपता ह्यांची धाकटी बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेतील निवृत्त शिक्षिका, अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहते. तिने लग्न केले नाही, कारण ऱ्हस्व-दीर्घ नीट लिहिणारा एकही मुलगा तिला बघायला आला नाही. ती म्हणाली, "दादाची गाडी आपण चालवू." तेव्हा कामाची वाटणी झाली. रूळ माझ्याकडे, डबे तिच्याकडे. मला वाटले होते आठ दिवसांत कंटाळू. पण मग आम्ही दुपारच्या मालिका सोडल्या, लग्नाची आमंत्रणे टाळली आणि जेवणही वरतीच नेऊ लागलो. नवरा गेल्यानंतर मी इतकी हसले ते त्या खोलीतच.

अडचण एकच होती. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की कापसाचा भुरका, म्हणजे बारीक तंतू, सगळ्या गावावर उडतो. तो खिडकीतून येऊन रुळांत अडकायचा आणि गाडी घसरायची. बोगद्यात घसरली तर टेकडी उचलावी लागायची, देवळासकट. धम्मदीप म्हणाला, यावर एक खास रुळाचा तुकडा मिळतो. त्याला दोन्ही बाजूंनी उतार असतात आणि मधला भागही जरा उंच असतो. घसरलेले चाक त्यावरून जाताना आपोआप परत रुळावर चढते. आम्ही घरात त्याला चढवणी म्हणू लागलो. त्याने तीन प्रकार पाठवले आणि म्हणाला, तुम्हीच निवडा.

आम्ही महिनाभर निवडत होतो. पोरीसाठी स्थळे बघतानासुद्धा मी एवढी चिकित्सा केली नव्हती.

पहिली चढवणी वळणाची. धुरपताचे म्हणणे, "गाडी वळणावर घसरते वयनी, तं चढवणी बी वळणावरच पाह्यजे." आम्ही लावून पाहिली. पुढचे चाक चढले आणि मागचे उतरले. दुसरी साधी सरळ, उघडे दात काढून हसणारी, ती दोघींनाही आवडली नाही. तिसरी फाटकाची. रुळांवरून आडवा रस्ता जातो असे रूप, आत सगळे उतार लपलेले. मी म्हणाले, "बाई, फाटक नसन तं ते सिंदी कायची?" ती बोगद्याच्या तोंडाशी, सरळ रुळावर बसवायची असे मी ठरवले. धुरपताने तोंड फुगवले पण मान डोलावली. डबे मुद्दाम घसरवून पाहिले. प्रत्येक वेळी चढवणीने त्यांना गुपचूप रुळावर आणून सोडले. त्या दिवशी आम्ही दोघींनी पेढे खाल्ले, माझी साखर वाढलेली असताना.

तोपर्यंत आम्ही बाजारचेच डबे वापरत होतो. धुरपता मात्र तिच्या घरी पुठ्ठ्याचे स्वतःचे डबे करत होती. रंग, खिडक्या, पाट्या, सगळे चोख. आणि प्रत्येक डब्याच्या पोटाखाली संडासाच्या टाक्या. मी विचारले, ह्या कशाला? ती म्हणाली, "आजकालच्या डब्याले टाक्या राह्यते वयनी. आपली गाडी काय दादाच्या रुळावर घाण करत जाईन?"

यांच्या स्मृतिदिनाला सगळे नातेवाईक आले होते. वंदना झाली, जेवणे झाली, मग सर्वांना वर नेले आणि धुरपताचे नवे डबे जोडले. स्टेशन सुटले, वळण आले, गेले. गाडी चढवणीवर आली आणि संडासाची टाकी फाटकाच्या उंच रस्त्याला अडली. तो डबा खांबाजवळच्या कुत्र्यासारखा एका बाजूने वर झाला, आणि मागचे सगळे डबे प्लॅस्टरच्या नाल्यात गेले. बापूराव टाळ्या वाजवून हसले.

मी म्हणाले, "बाई, तुमच्या संडासानं घात केला. काढा त्या टाक्या."

"माह्या टाक्याईले नाव नको ठेवू वयनी. तुह्या चढवणीनंच पाडलं. चढवणारीच पाडून राह्यली, अन् दोष टाकीले?"

मी ऐकले नाही, तिनेही ऐकले नाही. तिने डबे साडीच्या खोक्यात भरले आणि जिना उतरली. त्यानंतर कापसाचे दोन हंगाम गेले, ती वर आलेली नाही आणि माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. भाजीची वाटी मात्र रोज येते. आमच्यात वाटी रिकामी परत करत नाहीत, म्हणून मी त्यात काहीतरी घालून पाठवते, म्हणून ती पुन्हा काहीतरी घालून पाठवते. अशा रीतीने आम्ही मूग गिळून बसलो आहोत, आणि मुगाची उसळही एकमेकींना पाठवत आहोत.

सबब, वरच्या खोलीतील संपूर्ण आगगाडी, इंजिने, रूळ, टेकडी, बोगदा व तिन्ही प्रकारच्या चढवण्या मी माझी नणंद धुरपता कवडूजी थूल हिला देत आहे. धम्मदीप व पौर्णिमा यांनी तिला त्या खोलीत जाण्यायेण्यास अडवू नये. चढवणी कोणती आणि कुठे, हे यापुढे तिनेच ठरवावे. टाक्या ठेवायच्या असतील तर ठेवाव्यात. माझे मत बदललेले नाही, टाक्या चूकच आहेत. पण तिच्याशिवाय ती खोली मला नकोशी झाली आहे. गाडी फिरते आणि मी खिडकीतून अंगणापलीकडे बघत बसते. ती हाकेच्या अंतरावर राहते, तरी मला तिची फार आठवण येते. ऑपरेशन टेबलावर मेले तर हे तिला कोणीतरी सांगावे, म्हणून इथे लिहिले.

कलम ६. माझ्यामागे तेरवी वगैरे काही करू नये. पुण्यानुमोदन साधेपणाने करावे. बापूरावांना बोलवावे, पण त्यांना दुसऱ्यांदा बुंदी वाढू नये.

सही करण्यापूर्वीची नोंद.

वरील मजकूर टाइप होऊन आल्यावर माझे वकील चंदन ढोक आज दुपारी सह्यांसाठी आले. दोन साक्षीदार लागतात. एक औषध दुकानदार हिरालाल. दुसरा ठरलेला माणूस आलाच नाही. वकील सेलूचे, आमची भानगड त्यांना कागदावर ठाऊक, पण धुरपताचा चेहरा ठाऊक नाही. अंगणापलीकडे चष्मा लावून पेपर वाचणारी बाई दिसली, ते जाऊन तिलाच घेऊन आले. मी काही बोलायच्या आत धुरपता समोरच्या खुर्चीवर बसली.

वकील म्हणाले, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. ती म्हणाली, "मी न वाचता सही करत नाई." पिशवीतून लाल पेन काढले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. कलम चारवर एक वेलांटी सुधारली. कलम पाच तिने दोनदा वाचले. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"वयनी," ती म्हणाली, "मधला रस्ता कानशीनं नखभर घासला असता, तं टाकी बी राह्यली असती अन् चढवणी बी."

"हे तुमाले कधी सुचलं, बाई?"

"त्याच दिवशी. जिना उतरता उतरता."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू बोलावलं काऊन नाई?"

मी रडले. तीही रडली, पण नाक पुसून म्हणाली की पान तीनवर 'इंजिने' शुद्ध आहे पण टाइप पुसट आहे. हिरालाल छताकडे बघत बसला.

वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद होतो. तेव्हा बाईंचे नाव एक तर कलम पाचमध्ये राहील, नाही तर साक्षीदारांत. दोन्हीकडे चालणार नाही.

धुरपताने लाल पेनाने अख्खे कलम पाच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोडले. मग म्हणाली, "वकीलसाहेब, वारस व्हाले हिले मरा लागते. मले साक्षीदारच करा." आणि माझ्याकडे वळून, "अन् तू ऑपरेशनहून वापस येजो. माह्या एकटीच्यानं थो डोंगर उचलत नाई."

वकील म्हणाले, सगळे नव्याने टाइप करून आणतो. मी नको म्हणाले. खोडलेले खोडलेलेच राहू द्यावे. त्यावर मी अंगठ्याचा ठसा व सही दोन्ही करत आहे, म्हणजे शंका नको. ही नोंद मी स्वतःच्या हाताने लिहिली असून ती या मृत्युपत्राचाच भाग समजावी.

कलम ५ रद्द. त्या मालमत्तेची तजवीज मी परत येऊन करीन.

ठिकाण : सिंदी (रेल्वे)
दिनांक : १६ जानेवारी २०२५

लिहून देणार :
अन्नपूर्णा हरिदास थूल

साक्षीदार :
१. हिरालाल, औषध विक्रेता, सिंदी (रेल्वे)
२. धुरपता कवडूजी थूल, निवृत्त शिक्षिका. वाचून सही केली. पेशंटला सहीनंतर लगेच वर नेत आहे, जिना हळू चढवीन.