आतली कडी, भाग तिसरा

दि. ३ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस. मी फोनवर ओरडतो अशी तुझी तक्रार असते, आणि तू मध्येच फोन ठेवतेस म्हणून मी ओरडतो. कागदाला तसं मध्येच तोडता येत नाही.

कंपनीचं काम तुला माहीत आहे. बाबांची ‘आतली कडी’ ही भुताच्या चित्रपटांची मालिका, पाचही भाग, एका पेटीत घालून घरी बघण्यासाठी त्यांना काढायची आहे. प्रत्येक भागाच्या तीन-चार आवृत्त्या इकडे-तिकडे आहेत. त्यांतली चांगली कुठली ते आपण दोघांनी ठरवून सह्या द्यायच्या. ‘दोघांनी’ या शब्दाखाली त्यांनी रेघ मारलीय. आपल्या घराची कीर्ती तिथपर्यंत पोचलेली दिसते.

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी हेच बघत बसतो. तुझी वहिनी म्हणते की आता खरं भूत आलं तरी ती त्याला चहाच विचारेल. तर ऐक. पहिल्या भागाची नवी, धुऊन-पुसून काढलेली आवृत्ती मुळीच नको. त्यात काळोखच शिल्लक ठेवलेला नाही, आणि भुताच्या हाताला बांधलेली तार लख्ख दिसते. जुनी डिस्क घ्यायची. दुसऱ्याची टीव्हीवाली प्रत दोन्ही बाजूंनी कापलीय. भूत उजव्या कडेला उभं होतं, ते कापण्यात गेलं आणि नायिका रिकाम्या भिंतीकडे बघून किंचाळते. चौथ्याचे दोन शेवट आहेत, बाबांना आवडायचा तो मी घेतलाय. पाचव्याबद्दल बोलायचं नाही हे आपल्यात ठरलेलंच आहे.

तिसऱ्याबद्दल वादच नाही. थिएटरमधली पूर्ण आवृत्ती, आवाज स्वच्छ केलेली डिस्क. कपाटातला प्रसंग त्यात अख्खा आहे. लोक अजून त्या प्रसंगासाठी हा चित्रपट शोधतात, आणि त्यातली मुलगी माझी बहीण आहे हे मी गिऱ्हाइकांना सांगतो.

सोबतच्या कागदावर सही करून पाठव. लोभ आहेच, तो या वेळी सहीपुरता तरी दिसू दे.

तुझा,
दादा

दि. १० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार साष्टांग लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. प्रत्यक्षात मी खुर्चीवर बसलेय आणि सही केलेली नाही.

पहिला, दुसरा, चौथा तुझ्या मनासारखे घे. पाचव्याची जी प्रत सर्वांत आखूड असेल ती घे. तिसऱ्याची मात्र टीव्हीवाली प्रतच जाईल. तिच्यात कपाटाचा प्रसंग छाटलाय. कडेला वाहिनीचं चिन्ह आहे, रंग उडालेत, तुझे नाजूक डोळे दुखतील. दुखू देत.

तू त्याला अभिनय म्हणून गिऱ्हाइकांना विकतोस, म्हणून एकदाच सांगते. मी सहा वर्षांची होते. कपाटाची मागची बाजू उघडी असेल, आत दिवा असेल, असं मला सांगितलं होतं. आत गेल्यावर कळलं की मागे फळी ठोकलीय, आणि मग बाहेरून कडी लागली. चित्रपटाचं नाव आतली कडी, आणि कडी बाहेर होती. मी जे केलं त्याला अभिनय म्हणत नाहीत. माझी नखं तुटली होती. आईने धावत येऊन दार उघडलं म्हणून मी आज पत्र लिहायला आहे.

मी रोपवाटिका का चालवते, असं तू एकदा सगळ्यांसमोर कुत्सितपणे विचारलं होतंस. तिथे दारं नाहीत म्हणून. लिफ्टमध्ये मी चढत नाही, न्हाणीघराला कडी लावत नाही. आई दाराबाहेर वेताचा मोडा टाकून बसते, या वयातसुद्धा. आता पेटीत घालून तो प्रसंग पुन्हा घराघरांत पाठवणार, आणि वर माझी सही हवी?

आई बरी आहे. तू केलेला चष्मा तिच्या नाकावरून घसरतो. कळावे, आणि या वेळी खरंच कळावे.

बिट्टी

दि. १५ मार्च

चि. बिट्टीस,
आशीर्वाद.

चष्मा घसरत असेल तर नाकाचं माप देताना तू चूक केलीस. मी माझ्या हाताने घासलेल्या काचा आहेत त्या.

तुझं पत्र वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. राग आला. बाबा जाऊन वर्ष झालं नाही आणि तू त्यांना कसाई ठरवून मोकळी. चित्रीकरणात मुलं घाबरतात. पाच मिनिटांनी फुगा मिळाला की हसतात. तू हसली नाहीस, तो तुझा स्वभाव. मी तेव्हा आजोळी होतो, तरी बाबांना ओळखतो. मुलाला चापट मारतानासुद्धा ज्याचा हात थरथरायचा, तो माणूस पोटच्या पोरीला कोंडेल? डिस्क मी दहादा ऐकली. तुझ्या किंकाळीखेरीज तिच्यात काही नाही.

आणि हिशेबच काढायचा तर शेवटच्या आजारात ते दाराकडे बघत होते. मी बघितलंय. तुझं गाव तीन तासांवर होतं. तू आली नाहीस, आईला एकटीला गाडीत बसवून दिलंस. आता त्यांचं सर्वांत चांगलं काम कात्रीने कापायला मात्र लगेच हजर.

टीव्हीची प्रत जाणार नाही. माझ्या जिवात जीव असेपर्यंत तो चिखल बाबांच्या नावाला मी लागू देणार नाही.

माया कमी झाली असं समजू नकोस, आधीच बेताची होती.

दादा

दि. १९ मार्च

ती. दादास,
नमस्कार.

डिस्क दहादा ऐकलीस! डिस्कवरचा आवाज स्वच्छ केलाय, हे तूच पहिल्या पत्रात मिरवलंस. स्वच्छ करताना काय पुसलं, हे विचारायचं सुचलं नाही? जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघितलंस, कानाचं काम तुला कधी जमलं नाही.

तुझ्या कपाटात तिसऱ्या भागाची पहिली टेप आहे. पार्श्वसंगीत चढवायच्या आधीची. बाबांनी तशा चार-पाच काढून ओळखीच्यांना वाटल्या होत्या, बाकीच्या बुरशीने गेल्या. लहानपणी शेजारच्यांकडे ती लागली होती. माझ्या किंकाळीच्या मागे कोणीतरी बोलतंय, एवढं मला ऐकू आलं आणि मी तिथून पळाले. शब्द कळले नाहीत. पण सेटवर हुकूम सोडणारा माणूस एकच होता. दार उघडू नका असं सांगणारा दुसरा कोण असणार?

ऐक आणि मग मला कसाई या शब्दाचा अर्थ शिकव.

आता माझी अट बदलली. टीव्हीची प्रत नको. प्रसंग अख्खा जाऊ दे, पण त्या टेपच्या आवाजासह. ज्यांना तो अभिनय वाटतो त्यांना बाबांचा आवाजही ऐकू दे. हे झालं तर सही, नाहीतर पेटी राहिली. मी दवाखान्यात का आले नाही, ते तेव्हा सगळ्यांनाच कळेल.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. टेपचं मी बोलले तेव्हा ती म्हणाली की जुनं उकरू नये. तिला अजून बाबांची बाजू घ्यावीशी वाटते, धन्य आहे.

प्रेमाची मागणी नाही. टेपची आहे.

बिट्टी

दि. २७ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या पाचही चित्रपटांचा कॅमेरा तुमच्या हातात होता, म्हणून तुम्हालाच विचारतो. आईला लिहिता-वाचता येत नाही. तिची पत्रं बिट्टीच वाचून दाखवते.

टेप चालवायचं यंत्र दुरुस्त करून घेतलं. दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि कानाला हेडफोन लावून तिसरा भाग ऐकला. बिट्टीला खोटं पाडायचं, एवढ्यासाठीच बसलो होतो. किंकाळीच्या मागे खरंच बोलणं आहे. पहिला आवाज बाबांचा. ते म्हणतात की पुरे झालं, दार उघडा. मग दुसरा आवाज. तो सांगतो की एवढ्यात उघडू नका, आत्ता कुठे खरं रडू येतंय, अजून थोडं होऊ द्या. बाबा पुन्हा पुरे म्हणतात आणि तो आवाज पुन्हा त्यांना थांबवतो.

मामा, दुसरा आवाज आईचा आहे. मी तीनदा मागे नेऊन ऐकला. शाळेत जाताना बूट घाल म्हणणारा तोच आवाज.

मला आईचा संताप आलाय. तीच आई न्हाणीघराबाहेर मोडा टाकून बसते आणि बिट्टी तिला देव मानते. सगळं खरं काय ते लिहा. काही झाकू नका.

तुमच्या मायेवर हक्क सांगतोय, तो राहू द्या.

तुमचा भाचा

दि. ३१ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. आ.

गाडलेलं उकरायची खोड तुम्हा भावंडांना कुठून लागली कोण जाणे. विचारलंसच तर घे.

पहिले दोन भाग चालले होते ते नंतर, टेपवर. तेव्हा दोन्ही सपाटून पडले होते. तिसरा पडला असता तर तुझा बाप पुन्हा उभा राहिला नसता. खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचा. ताईने, म्हणजे तुझ्या आईने, ते सगळं बघितलं होतं. कपडेपट तिच्याकडे होता. पोरीचा फ्रॉक तिने शिवला, आणि मागची फळी तिनेच सुताराकडून ठोकून घेतली. तुझ्या बापाला ते आयत्या वेळी कळलं. तो दोनदा उघडा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा खुर्ची लाथाडून उठला. कडी त्याने काढली. मी यंत्राला डोळा लावून उभा होतो, जागचा हललो नाही, तेव्हा मला काय म्हणायचंय ते म्हण.

पोर अंधारातून बाहेर पडली ती समोरच्या पहिल्या माणसाला बिलगली. ती ताई होती. आईने सोडवलं, असं पोर सगळ्यांना सांगत सुटली. ताई खरं सांगायला निघाली होती, तुझ्या बापाने अडवलं. म्हणाला की राहू दे, पोरीला या घरात एक तरी माणूस संपूर्ण आपला वाटला पाहिजे. पोर त्याच्याकडे जायची बंद झाली, तरी त्याने शब्द फिरवला नाही. दवाखान्यात मी शेवटचं विचारलं, आता सांगू का? मानेनेच नको म्हणाला.

ताईवर संतापायचं तर संताप. मीही वर्षानुवर्षं संतापून पाहिलं. ती मोड्यावर बसते ती उगाच नाही. टेपचं काय करायचं ते मला विचारू नकोस. तुझ्या बापाने काय केलं ते तुला सांगितलं.

या पत्राला उत्तर नको. माया जिथल्या तिथे आहे.

मामा

दि. ६ एप्रिल

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

टेप यंत्रात लावली. फीत गुंडाळली गेली, ओढता ओढता तुटली. उरलेली बुरशीने चिकटली होती, ती फेकून दिली. काही ऐकायला मिळालं नाही. शोधून दुसरी मिळणार नाही, तेव्हा तो नाद सोड.

तुझ्याशी वाद घालायला मला वेळ नाही. तिसऱ्या भागाची टीव्हीवाली प्रत देऊन टाकू, तुझ्या पहिल्या पत्रात होती ती. कपाटाचा प्रसंग नसलेली. मी सही केलीय, कागद सोबत आहे. जाणकार हसतील. म्हणतील की चष्मेवाल्याला सर्वांत वाईट प्रत निवडायची अक्कल कुठून आली. हसू देत.

एवढंच लिहितो की बाबांचा आवाज तुला आठवतो त्यापेक्षा मऊ होता. पटणार नाही, माहीत आहे.

आईच्या चष्म्याच्या दांड्या पाठव, वळवून देतो. तिला सांग की टेप आता नाही. नीट सांग, दोनदा सांग.

तुझा राग असाच राहू दे, मला त्याची सवय आहे.

दादा

दि. १२ एप्रिल

दादास,

ती. लिहिलेलं नाही, मुद्दाम.

फीत तुटली म्हणे. मी झाडं वाढवते, गवत खात नाही. तू ती ऐकलीस, आणि जे ऐकलंस ते जगाला कळू नये म्हणून स्वतःच्या हाताने तोडलीस. तसं नसतं तर काळोखाच्या एका छटेसाठी महिनाभर भांडणारा माणूस एका रात्रीत टीव्हीच्या प्रतीवर राजी झाला असता? बाबांनी मला कोंडलं आणि तू पुरावा कोंडलास. दोघे एकाच मातीचे.

सही केलीय. प्रसंग तरी गेला, तेवढं पुरे. पेटी आली की मला पाठवू नकोस.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. टेप नाही हे तू म्हणालास तसं दोनदा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं की खरंच काही ऐकू आलं नाही ना. नाही म्हटल्यावर ती पदर तोंडाला लावून रडली, इतकी की मला पाणी द्यावं लागलं. बाबांची उरलेली एक वस्तू होती, तीही तू ठेवली नाहीस. म्हातारीला काय भोगावं लागतं ते बघ जरा. संध्याकाळी मी न्हाणीघरात गेले तेव्हा मात्र ती मोड्यावर नव्हती. दाराशी उभी राहून बाहेरच्या कडीवर हात ठेवून होती. खोलीत जाऊन बस म्हटलं तरी हलली नाही.

यापुढे पत्र लिहू नकोस, मी उत्तर देणार नाही. माझ्याकडून तुला काही नाही. आईने तुला आशीर्वाद लिहायला सांगितलाय. लिहिला म्हटलं तर म्हणाली, अजून एकदा लिही. ती समोर बसून बघतेय, म्हणून लिहिते.

आशीर्वाद. आशीर्वाद.

बिट्टी