मैदानावरच्या ट्रॅक्टरचा गिअर

अण्णा, मैदानावरचा तो छोटा ट्रॅक्टर गेल्या महिन्यात पुन्हा आपल्या लालबागच्या गाळ्यात आला. रंग पार उडालाय, बॉनेट दुसऱ्याच कुठल्या गाडीचं बसवलंय, तरी टेम्पोतून उतरवताना मी त्याला ओळखलं. मैदानाचा नवा सुपरवायझर बरोबर होता, तिशीतला. म्हणाला, “मॅडम, गिअरचे दात गेलेत. वेल्डिंगने भरून द्या ना पटकन, रविवारी मॅच आहे.” मी म्हटलं, “भरलेला दात टिकत नाही. नवा गिअर कापावा लागेल, मॅच पुढे ढकला.” तो हसला, मी नाही हसले. तो गेल्यावर गिअरबॉक्सचं झाकण काढलं, जळक्या तेलाचा वास आला, आणि आत तुम्ही कापलेला गिअर तसाच शाबूत होता. तुमच्या हातचा शेवटचा. तुटला होता तो त्याच्या शेजारचा. मी स्टूल ओढून बसले. गाळ्यात कोणी नव्हतं, तरी मागे मोरीपाशी कोणीतरी हात धुतंय असं वाटत राहिलं.

तुम्ही मला सून म्हणून घरात आणलंत आणि दोन वर्षांत गिअरचे दात कापायच्या मिलिंग मशीनपाशी उभं केलंत. तुमच्या मुलाला बँकेतली नोकरी बरी वाटत होती, लोखंडात त्याचा जीव नव्हता. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही उभा केलेला हा गाळा तुमच्यानंतर कोण बघणार म्हणून सासूबाई रडायच्या, आणि तुम्ही म्हणालात, “ही बघतली.” आजूबाजूच्या गाळ्यांतले लोक येऊन मला बघून जायचे. तुम्हाला ते आवडायचं. माझा हात कौतुकाचा होता, आणि कौतुकाची सवय लागलेल्या माणसाला एक शब्दही फार लागतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

तो दिवस मी इतक्या वेळा आठवलाय की आता तो माझ्या डोळ्यांसमोर चालूच असतो. ट्रॅक्टर तेव्हा पहिल्यांदा आलाय. मैदानाचे माळीकाका, ट्रॅक्टर चालवायचे तेच, दारात उभे आहेत. मी गिअर कापतेय आणि दातांची वाटणी चुकते, शेवटचा दात अर्धाच उरतो. तुम्ही तो गिअर उचलता, सगळ्यांसमोर धरता. “हात हय, आणि लक्ष खंय? एवढा पोलाद फुकट घालवलंस.” माळीकाका खाली बघतात. दुसरा गिअर तुम्ही स्वतः कापता, माझ्याकडे फक्त पाणी द्यायचं, म्हणजे पोलाद कडक करायचं काम ठेवता. दुसऱ्या दिवशी भट्टीत तो लाल करून तेलात बुडवायचा, एवढंच. मी आदल्या दिवशीचं तेच घोकत राहते आणि गिअर भट्टीत जरा जास्तच राहतो.

मग तडा शोधायची तुमची ती पद्धत. गिअर केरोसीनमध्ये बुडवून ठेवायचा, कोरडा पुसायचा, वर खडूची पूड फासायची. कुठे तडा असेल तर आत शिरलेलं केरोसीन हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. मुलीच्या दप्तरातला खडू मी कुटते, फासते, बघत बसते. एका दाताच्या मुळाशी रेघ उमटते. केसाएवढी. तुम्ही मोरीवर हात धुताय, पाठमोरे. “काय गो, दिसता काय?”

“नाही,” मी म्हणते. “स्वच्छ आहे.” आणि फडक्याने खडू पुसून टाकते.

दुसऱ्यांदा ऐकून घ्यायचं नव्हतं, बाकी काही नाही. दहा-बारा दिवसांनी ट्रॅक्टरला मागे जोडलेला जड रोलर शेजारच्या मैदानात न्यायचा होता. फाटकापाशी रस्त्यावर यायला उतार आहे. उतारावर तो दात तुटला, गिअर सुटला, मागच्या रोलरचं वजन ब्रेकला पेललं नाही. माळीकाका ट्रॅक्टर आणि भिंतीच्या मध्ये सापडले. उजवा पाय गुडघ्यातून गेला. काढावा लागला नाही, पण पुन्हा कधी वाकला नाही. मैदान सुटलं ते सुटलंच.

तुम्ही गिअरबॉक्स उघडलात आणि तुटका दात दाराच्या उजेडात नेलात. मी मशीनच्या मागे उभी. तुटलेल्या जागी पोलाद दोन रंगांचं असणार हे मला माहीत होतं. ताजं तुटलेलं चकचकीत, आणि आतला जुना तडा तेल पिऊन काळा. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवलात, बराच वेळ. मग तो दात खिशात टाकलात आणि मैदानाच्या लोकांना म्हणालात, “तडा माझ्या डोळ्यांना दिसला नाही. दोष माझा.” त्यांच्यासाठी नवा गिअर कापून दिलात, मला त्याला हातसुद्धा लावू दिला नाहीत, आणि त्यानंतर मशीन चालू केलं नाही. गाळ्यातून कायमचे निघताना तुमचं भिंग माझ्या हातात ठेवलंत. “माझे डोळे गेले. आता तुझेच खरे.” मी ते घेतलं, अण्णा. वाकून नमस्कारही केला.

पण घरी खिडकीत बसून पेपरातल्या बारीक जाहिराती तुम्ही चष्म्याशिवाय वाचायचात. मी चहा आणून ठेवायचे, बघायचे आणि स्वयंपाकघरात परत जायचे. पुढचा विचार मी कधी केला नाही. करू दिला नाही स्वतःला.

या खेपेला मी एकेक गिअर खडू लावून पाहिला, दोन-दोनदा. तुमचा स्वच्छ निघाला. तो परत बसवला, शेजारचा नवा कापला, आणि सगळं जोडून द्यायला स्वतः मैदानावर गेले. सुपरवायझरने ट्रॅक्टर उतारावरून खाली नेला तेव्हा मी भिंतीकडे बघू शकले नाही. कान दाबून उभी राहिले. त्याला वाटलं इंजिनाचा आवाज सोसत नाही. मग त्यानेच सांगितलं, “पहिले माळीकाका आहेत ना अजून. नायगावलाच, नव्या टॉवरमध्ये. लिफ्ट आहे आता, पायाचा प्रॉब्लेम मिटला.”

मी गेले. सांगायचंच म्हणून गेले. ते गॅलरीत पाय लांब करून बसले होते, पंच्याऐंशीच्या घरातले. ओळख सांगितल्यावर म्हणाले, “सूनबाई, तुमचं सासरं लई मोठं माणूस. दर रविवारी यायचं. चाळीत तीन जिने चढून.”

हे मला माहीत नव्हतं. आम्हाला तुम्ही देवळात जातो म्हणून सांगायचात.

“काय बोलायचे?” मी विचारलं.

“काय न्हाई. बसायचं. एकदाच म्हणाले, चूक माझ्या घरातली हाय. माझी, असं न्हाई म्हणाले.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली रस्त्याकडे. “मीबी इचारलं न्हाई कुणाची.”

त्यांच्या सुनेने चहा आणला. मी प्यायले. ट्रॅक्टर आता नीट चालतोय, एवढं सांगितलं आणि उठले. लिफ्टमध्ये आरसा होता, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

तुम्ही तर गेलात, हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या लिफ्टमध्ये मला लाज वाटायला हवी होती, पण आधी आला तो तुमचा राग. तुम्हाला ठाऊक होतं तर मला एकदा विचारायचं होतंत, अण्णा. इतकी वर्षं एका घरात, एका ताटलीतलं लोणचं वाटून घेत जेवलो. एकदा तरी विचारायचं होतंत. विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं का, हे मात्र मला आजही माहीत नाही.