अक्कलदाढ आणि फरसबीचं सूप

४ मार्च, सकाळी
काल बायकोची अक्कलदाढ काढली. घरातली अक्कल सांभाळायची जबाबदारी आता एकट्या माझ्यावर. डॉक्टरांनी बजावलंय, काही दिवस चावायचं नाही आणि फारसं बोलायचं नाही. पहिलं तिला जड जाईल. दुसरंही तिलाच.

सासूबाई खालच्याच मजल्यावर राहतात. डबा देते म्हणाल्या. मी नको म्हणालो, नम्रपणे पण ठाम. जावयाला एक वाटी सूप जमत नाही असं त्यांना वाटता कामा नये. ताज्या फरसबीचं क्रीमी सूप करणार. सगळं घरी.

रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतो मी. दाटपणा, शेड, तुकतुकी. सुपात याहून वेगळं काय असतं?

संध्याकाळी
फरसबी आणली. भाजीवालीने विचारलं, कोवळी देऊ का. म्हटलं, चांगल्या जाड बघून दे. तिने लगेच टोपलीच रिकामी करून दिली. समोरचा माणूस जाणकार असला की कोणी वाद घालत नाही.

५ मार्च
शेंगा शिजवल्या. वेळ वाचावा म्हणून उकळत्याच मिक्सरमध्ये घातल्या. झाकण उडालं. मिक्सर जुना झालाय. भिंत, खिडकी, माझा चष्मा, सगळं हिरवं. तटस्थपणे सांगायचं तर कव्हरेज उत्तम, एका हातात भिंत झाकली गेली.

उरलेलं वाटीत घालून बायकोला दिलं. शेंगांच्या शिरा काढायच्या असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ तोंडातून दोरे ओढत बसली. मग तिने हात वर केला, आशीर्वाद देतात तसा. भावना पोचल्या.

आवाज ऐकून सासूबाई वर आल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, रंग काढायला घेतलात का. म्हटलं, हो, नमुना मारून बघतोय. जाताना डबा ठेवून गेल्या. बायकोने तो चाटूनपुसून संपवला. आईचं मन मोडवत नाही तिला.

६ मार्च
रजा टाकली. या खेपेला कोवळ्या शेंगा, शिरा काढून. गार करून वाटल्या, गाळल्या. शेड अप्रतिम. मग क्रीम घातलं आणि तुकतुकी यावी म्हणून वर लिंबू पिळलं.

फाटलं.

ढवळत राहिलो. कामावर ढवळून पुष्कळ गोष्टी सुटतात. हेही सुटत गेलं, पाणी एकीकडे आणि गोळे एकीकडे. बायको दारात येऊन उभी राहिली. पातेल्यात बघितलं आणि कपाळाला हात लावला. अशक्तपणा, दुसरं काय. तिला पडून राहायला सांगितलं.

लॅबमधल्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सर, चाखून बघितलंत का. आमच्या धंद्यात कोणी चाखत नाही, याची त्याला आठवण करून दिली.

७ मार्च
सूप नाही. मिक्सरला विश्रांती.

दुपारी बायको खिडकीपाशी गार दूध घेऊन बसली होती. एक गाल सुजलेला, दुसरा बसलेला. मला बघून हसायला गेली आणि दुखलं, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. मलाही कसंसंच झालं. कांदा चिरत होतो, त्यामुळे असेल. कांदा कशासाठी चिरत होतो ते आता आठवत नाही.

उद्या करायचंच. लिंबाचं नाव काढायचं नाही.

८ मार्च, दुपारी
झालं.

कांदा लोण्यात परतला, शेंगा शिजताना रंग टिकावा म्हणून सोडा टाकला, वाटून दोनदा गाळलं, आच बंद करून मग क्रीम. चमच्यावरून ते असं सावकाश ओघळलं की कारखान्यात मी डोळे झाकून सही केली असती. बायकोने पहिला चमचा घेतला. दुसरा घेतला. वाटी संपवली आणि पुढे केली. मी लगेच सासूबाईंना वर बोलावलं. विजय साक्षीदारासमोर झालेला बरा.

सहा वाजता
सासूबाईंनी अर्धा चमचा घेतला आणि विचारलं, भांडं घासल्यावर नीट विसळलं होतंत ना. म्हटलं, स्वच्छ. म्हणाल्या, मग हा साबण कुठला. सोड्याची चिमूट माझ्या हाताने जरा मोठी झाली असावी. आणि मीठ टाकायचं असतं, हेही कळलं.

मी म्हटलं, जिच्यासाठी केलं तिला विचारा. डॉक्टरांनी आजपासून थोडं बोलायला परवानगी दिलीय.

बायको हळूच म्हणाली, मस्त आहे, अगदी मऊ आणि कोमट. मी सासूबाईंकडे बघितलं. ती पुढे म्हणाली, चव काही कळत नाही गं आई, दाढ काढल्यापासून जीभ बधिर आहे. डॉक्टर म्हणतात, आठवडाभर तरी तशीच राहील.

सासूबाई तोंडाला पदर लावून खाली गेल्या. जिन्यात बराच वेळ खोकत होत्या.

बायकोने तिसरी वाटी मागितली. दिली. माझ्या हातात अजून आठवडा आहे.